मताविना मोजलेली माणसे

शिमगा सरला तरी कवित्व उरते, या म्हणीचा प्रत्यय अमेरिकेच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीनंतर येतो. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी कमला हॅरिस यांचा ३१२ विरुद्ध २२६ निर्वाचक-मतांनी पराभव केला. त्या निकालाचे कवित्व आपल्याकडे दोन सुरांत चालले. एक सूर भक्तीचा. २०१६ साली दिल्लीच्या जंतरमंतरवर ट्रम्प यांच्या विजयासाठी होम पेटला होता. २०२४ साली तमिळनाडूतील तुळसेंद्रपुरम् या हॅरिस यांच्या आजोळच्या मूळ गावी देवळात पूजा झाल्या. दुसरा सूर तुच्छतेचा, आणि तो आपल्याच पुरोगामी वर्तुळातला: दोन्ही पक्ष मक्तेदार भांडवलाचे, तेव्हा उडदामाजी काळेगोरे काय निवडावे?

वरवर पाहता हे सूर परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः ते एकाच गृहीतावर उभे आहेत. अमेरिकेचा नागरिक नसलेला माणूस हा त्या निवडणुकीचा प्रेक्षक आहे. त्याने एकतर टाळ्या वाजवाव्यात, नाहीतर उठून घरी जावे, असे ते गृहीत आहे. प्रस्तुत लेखकाचा त्यालाच आक्षेप आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थी चळवळीत घडलेला आणि पुढे पोटापाण्यासाठी २००९ साली न्यू जर्सीत गेलेला मी एक बिगरनागरिक आहे. एच-१बी या परवान्यावर नोकरी करतो, कायम वास्तव्याच्या ग्रीन कार्डासाठी २०१४ पासून रांगेत उभा आहे आणि चार अध्यक्षीय निवडणुका मतदान-केंद्राच्या दाराबाहेरून पाहिल्या आहेत. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला काही गोष्टी आतल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतात. त्या पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे मांडाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

मोजणीत आहे, मतदानात नाही

आमच्या वस्तीचे मतदान-केंद्र माझ्या मुलाच्या शाळेत असते. ती शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता-करावर चालते आणि मी भाडेकरू असल्याने तो कर माझ्या भाड्यातून जातो. केंद्र सरकारचा आणि राज्याचा प्राप्तिकर माझ्या पगारातून दरमहा कापला जातो. निवृत्तिवेतन आणि वार्धक्यातील वैद्यकीय मदत यांसाठी वेतनाच्या अनुक्रमे ६.२ व १.४५ टक्के रक्कम मी भरतो आणि तितकीच माझा मालक भरतो. परंतु शाळेच्या त्या दारातून आत जाऊन मत टाकण्याचा अधिकार मला नाही. प्रतिनिधित्वावाचून कर नाही, ही घोषणा देत ज्या राष्ट्राचा जन्म झाला, त्या राष्ट्रातील ही स्थिती आहे.

यापेक्षाही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेचा अध्यक्ष थेट मतांनी निवडला जात नाही. ५३८ निर्वाचक त्याची निवड करतात. कोणत्या राज्याला किती निर्वाचक मिळावेत, हे त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन जागा या हिशेबाने ठरते. प्रतिनिधिगृहातील जागा मात्र दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेवरून ठरतात, आणि त्या जनगणनेत मोजली जातात ती माणसे. केवळ नागरिक नव्हेत. चौदाव्या घटनादुरुस्तीचे शब्दच तसे आहेत. म्हणजे न्यू जर्सीला जे १४ निर्वाचक मिळाले आहेत, त्यांच्या संख्येत माझ्यासारख्यांचीही भर आहे. कॅलिफोर्नियाच्या ५४ निर्वाचकांत तेथील शेतमळ्यांवर राबणाऱ्या लाखो मेक्सिकन मजुरांचा वाटा आहे. आमच्या डोक्यांची बेरीज होते, परंतु त्या बेरजेचे काय करायचे ते इतर लोक ठरवतात.

हा प्रकार अमेरिकेच्या इतिहासाला नवा नाही. १७८७ च्या मूळ घटनेत गुलामांची गणना तीन-पंचमांश माणूस म्हणून होत असे. गुलामाला मत नव्हते. पण त्याच्या त्या तीन-पंचमांश अस्तित्वावर दक्षिणेतील मळेवाल्यांना जादा प्रतिनिधी आणि जादा निर्वाचक मिळत. गुलामाची आणि पगारी अभियंत्याची तुलना करण्याचा अविवेक मी करणार नाही. चाबूक आणि वेतनपत्रक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तथापि माणसाला मोजायचे, त्याच्या संख्येतून सत्ता निर्माण करायची आणि ती सत्ता दुसऱ्याच्या हाती द्यायची, ही युक्ती एकाच कुळातली आहे हे नाकारता येत नाही. पोर्तो रिकोचे सुमारे बत्तीस लाख लोक तर १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. तरीही त्या बेटावर राहत असेपर्यंत त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. यावरून नागरिकत्व आणि मताधिकार यांची सांगड आपण समजतो तितकी घट्ट नाही, हे ध्यानात यावे.

मत नसल्याचा परिणाम कारखान्यात आणि कचेरीत कसा होतो, तेही पाहू. एच-१बीवरील माणसाची नोकरी गेली तर त्याला सामान्यतः ६० दिवसांची मुदत मिळते; तेवढ्यात दुसरा मालक मिळाला नाही तर चंबूगबाळे आवरावे लागते. ग्रीन कार्डाच्या नोकरीवर आधारित वर्गात कोणत्याही एका देशाला साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू शकत नाही. भारतीयांची रांग त्यामुळे दशकानुदशके हलत नाही. हा परवाना मूलतः सहा वर्षांचा. निवृत्तिवेतनाची पात्रता मात्र दहा वर्षांच्या भरण्यानंतर. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०२५ पर्यंतही झालेला नव्हता. परिणामी सहा वर्षे भरणा करून परतणाऱ्या पुणेकराची ती रक्कम तिकडच्या तिजोरीतच राहते. अशा माणसाला रात्री दहापर्यंत थांबवून घेणे मालकाला किती सोपे जाते, हे कामगार चळवळीतील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत, तिचीच ही वातानुकूलित आवृत्ती आहे.

यजमानाचे घर?

येथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. तुम्ही आपखुशीने गेलात, डॉलर कमावलेत. पाहुण्याने यजमानाच्या घरात कारभार मागू नये, असे म्हटले जाते. माझे वडीलही असेच म्हणत.

या आक्षेपाला इतिहासाचे उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक राज्यांत व प्रदेशांत बिगरनागरिकांना मत होते. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की पुरे. विस्कॉन्सिनने तर १८४८ च्या आपल्या घटनेतच ही तरतूद केली. कारण उघड होते. जमीन नांगरायला, रूळ टाकायला हात हवे होते आणि त्या हातांना ओढून आणण्यासाठी मताचे आमिष उपयोगी होते. हा उदारपणा गोऱ्या पुरुषांपुरताच होता, हेही विसरून चालणार नाही. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास परदेशीयांविषयीचा द्वेष शिगेला पोहोचला आणि एकेका राज्याने हा हक्क काढून घेतला. सर्वांत शेवटी १९२६ साली आर्कान्सासने. सबब, बिगरनागरिकाला मत नसणे हा निसर्गनियम नसून राजकीय निर्णय आहे. आणि राजकीय निर्णय बदलता येतात. मेरीलँडमधील टाकोमा पार्क या लहान शहरात १९९२ पासून बिगरनागरिक स्थानिक निवडणुकीत मत देत आले आहेत. त्यामुळे त्या शहरावर आभाळ कोसळलेले नाही. न्यूयॉर्क शहरानेही २०२१ साली असा कायदा केला होता. मार्च २०२५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.

आणि यजमानाचे दार तरी सर्वांना सारखे उघडे होते काय? भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा मनुष्य 'गोरा' नाही, सबब त्यास नागरिकत्व मिळू शकत नाही. त्या निकालाच्या आधारे कित्येक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्वही हिरावले गेले. भारतीयांसाठी हे दार १९४६ साली किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर माणसांपुरते.

याच काळात आपल्या समाजवादी चळवळीचा एक शिल्पकार अमेरिकेत होता. साथी जयप्रकाश नारायण १९२२ साली कॅलिफोर्नियात उतरले आणि १९२९ पर्यंत त्या देशात राहिले. फळबागांत, कारखान्यांत मजुरी करत ते शिकले आणि विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात मार्क्सवादी झाले. १९२४ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांच्या तेथील वास्तव्यातच झाली. विस्कॉन्सिनचेच सिनेटर रॉबर्ट ला फोलेट त्या निवडणुकीत दोन्ही बड्या पक्षांविरुद्ध, समाजवादी पक्षाचा पाठिंबा घेऊन उभे होते आणि त्यांना सुमारे ४८ लाख मते पडली. जयप्रकाशांना मत नव्हते आणि थिंड-निकालानंतर नागरिक होण्याचीही वाट नव्हती. म्हणून ते प्रेक्षक राहिले काय? त्या देशातील मजुरांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी जे पाहिले, ते घेऊन ते परतले आणि १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत अग्रभागी राहिले. त्यांच्याही आधी वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिंदी मजुरांत वावरत होते. तेथूनच १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. मत नसलेल्या माणसाला राजकारण नसते, हे आपल्या परंपरेने कधीच मान्य केलेले नाही.

उडदामाजी काळेगोरे

आता आपल्या दुसऱ्या सुराकडे, म्हणजे दोन्ही पक्ष सारखेच या सिद्धान्ताकडे वळू. त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. बिगरनागरिकाने केंद्रीय निवडणुकीत मत देणे हा फौजदारी गुन्हा ठरवणाऱ्या १९९६ च्या कायद्यावर सही केली ती डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांनी. बराक ओबामा यांच्या आठ वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक माणसे हद्दपार झाली. गाझावर पडलेले बाँब पुरवणारे सरकार २०२४ साली डेमोक्रॅटांचेच होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मिशिगनमधील एक लाखाहून अधिक डेमोक्रॅट मतदारांनी पक्षाच्या प्राथमिक फेरीत अध्यक्ष बायडेन यांना मत न देता आपला निषेध नोंदवला, तो उगाच नव्हे.

परंतु दोन पक्षांचा वर्गाधार एक असणे निराळे आणि त्यांच्या राजवटीत सामान्य माणसाचे जगणे एकसारखे असणे निराळे. बालपणी आणल्या गेलेल्या लाखो तरुणांना २०१२ साली ओबामांच्या आदेशाने हद्दपारीपासून तात्पुरते अभय मिळाले. हा फरक त्या तरुणांना विचारा. २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे सत्तेवर येताच पहिल्या दिवशी, ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात तात्पुरत्या परवान्यावरील आईबापांच्या नवजात अपत्यांना जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारण्याची योजना होती. न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. पण त्या दिवसांत ज्या घरांत पाळणा हलायचा होता, त्या घरांत काळेगोरे सारखेच असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते. त्यांना हातापायांत बेड्या घालून आणण्यात आले होते. त्यांत तिघे महाराष्ट्रातील होते. ज्याच्या पायात बेडी पडते त्याला छटांचा फरक कळतो. तो कळून घेणे हे सुधारणावादी भाबडेपण नव्हे. शत्रूची चाल ओळखण्याची ती पहिली पायरी आहे.

आणि ती चाल अशी, की निवडणूक ज्यांच्या नावाने लढली जाते त्यांना तीत जबाब देण्याची सोयच नाही. १० सप्टेंबर २०२४ च्या वादसभेत ट्रम्प यांनी जगासमक्ष सांगितले की ओहायोतील स्प्रिंगफील्ड गावी स्थलांतरित लोक शेजाऱ्यांची कुत्रीमांजरे खातात. त्यांचा रोख हैतीहून आलेल्या लोकांवर होता. गावच्या अधिकाऱ्यांनी अशी एकही विश्वासार्ह तक्रार नसल्याचे सांगितले. पण ही हैतीयन माणसे, जी बहुतांशी कायदेशीर परवान्याने तेथील कारखान्यांत राबत होती, त्यांना मतपेटीतून उत्तर देता येत नव्हते. बिगरनागरिक चोरून मते टाकतात अशीही हाकाटी झाली. जॉर्जिया राज्याने याच निवडणुकीच्या तोंडावर आपल्या सुमारे ८२ लाख मतदारांची यादी तपासली, तेव्हा त्यांत बिगरनागरिक सापडले २०. गिरणी बंद का पडली, घरभाडे का वाढले, औषध का परवडत नाही, या प्रश्नांची उत्तरे भांडवलाच्या दारात शोधावी लागतात. ती टाळायची तर दाराबाहेरच्या माणसाकडे बोट दाखवणे सर्वांत स्वस्त. कारण त्याच्याकडून एका मताचेही नुकसान नाही.

आपल्या माणसांचा दंभ

मला अधिक खेद वाटतो तो आमच्याच माणसांचा. एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत पसरलेला हा सुशिक्षित मराठी वर्ग गणेशोत्सवात हजारोंनी जमतो. पण मेक्सिकन मजुराचा विषय निघाला की 'आम्ही कायदेशीर, ते बेकायदेशीर' अशी सोवळ्याची रेघ ओढतो. २२ सप्टेंबर २०१९ रोजी ह्यूस्टनच्या मैदानावर भारताच्या पंतप्रधानांच्या तोंडून ट्रम्प सरकारच्या पुनरागमनाची घोषणा ऐकून टाळ्या पिटणाऱ्यांत हाच वर्ग होता. १९ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी लादली, तेव्हा ही सोवळ्याची रेघ आपले रक्षण करील हा भ्रम फिटायला हवा होता. बाहेरच्याविषयीचा द्वेष परवान्याचा रंग तपासत बसत नाही.

आणि हा दंभ समुद्राच्या पलीकडचाच आहे असे मानून येथील वाचकांनी निश्चिंत होऊ नये. न्यू जर्सीत भाच्याला न्याय हवा म्हणणारे मामा मुंबईत परप्रांतीयाच्या नावाने बोटे मोडतात. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. अमेरिकेच्या निवडणुकीनंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान झाले. त्या वेळी गळीत हंगाम सुरू होत होता आणि बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आपल्या मतदान-केंद्रापासून शेकडो मैल दूर फडांच्या वाटेला लागल्या होत्या. त्यांचे नाव यादीत आहे, जनगणनेत आहे, आमदारांची संख्या ठरवण्यात आहे; मत मात्र कोयत्याबरोबर परगावी गेले. राजकारणात एक माणूस एक मत आणि आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. हंगामी मजुराच्या बाबतीत तर या विसंगतीतला पहिला अर्धा भागही आपण पुरा केलेला नाही.

मग करावे काय?

मत नसलेल्यांनी इतिहास बदलल्याचे दाखले अमेरिकेतच आहेत. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांवरील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. सीझर चावेझ यांचे मेक्सिकन साथी त्यात सामील झाले आणि पाच वर्षांच्या झुंजीनंतर १९७० साली मळेवाल्यांना करार करावा लागला. त्या मजुरांत कित्येकांना मत नव्हते. १ मे २००६ रोजी लाखो स्थलांतरितांनी काम बंद ठेवून रस्त्यावर उतरून मे दिनाला त्याच्या जन्मभूमीत नवे चैतन्य दिले; परवान्याविना राहणे हा गुन्हा ठरवू पाहणारे विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर होऊनही कायदा होऊ शकले नाही. न्यूयॉर्कचे टॅक्सीचालक पाहा. भैरवी देसाई यांच्या नेतृत्वाखालील त्यांची संघटना सभासदाला नागरिकत्वाचा दाखला विचारत नाही. २०२१ साली पंधरा दिवसांचे उपोषण करून त्यांनी परमिटावरील कर्जाचा डोंगर कमी करून घेतला. त्या उपोषणाला बसलेले एक तरुण आमदार झोहरान ममदानी हे स्वतः २०१८ पर्यंत बिगरनागरिक होते. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी ते त्या शहराचे महापौर म्हणून निवडून आले.

संगणक-उद्योगातही जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या कामगारांनी कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेच्या आश्रयाने आपली युनियन काढली, आणि तिची दारे कंत्राटी कामगारांनाही उघडी आहेत. पण आमचे मराठी अभियंते अशा युनियनच्या वाटेला क्वचितच जातात. परवाना जाईल ही भीती खरी आहे. परंतु त्याहून खरी अडचण ही की स्वतःला कामगार म्हणवून घेण्याची त्यांना लाज वाटते.

साथींनो, आपल्या पक्षाने या संदर्भात तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. पहिली, भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा कराराची मागणी केंद्र सरकारकडे लावून धरावी. कामगाराचा भरलेला पैसा कामगाराला मिळालाच पाहिजे. दुसरी, येथील ऊसतोड मजुराला, वीटभट्टीवरील आणि बांधकामावरील स्थलांतरित मजुराला जेथे तो राबतो तेथून मत देण्याची सोय व्हावी यासाठी आंदोलन उभारावे. म्हणजे परदेशातील आपल्या माणसांसाठी बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला प्राप्त होईल. तिसरी गोष्ट पैशाची नाही आणि ठरावाचीही नाही. माझा मुलगा तेथे जन्मला. २०२८ साली तो अठरा वर्षांचा होईल आणि त्याच शाळेच्या दारातून आत जाऊन मत देईल. मी बहुधा बाहेरच उभा असेन. त्याने कोणाला मत द्यावे हे मी त्याला सांगणार नाही, पण बाहेर कोण कोण उभे आहे ते मात्र जरूर दाखवीन. तुम्हीही एवढेच करा. डिसेंबरच्या सुट्टीत अमेरिकेहून येणाऱ्या पुतण्याला, भाचीला तिकडे कोण जिंकणार असे विचारू नका. तू कोणत्या संघटनेत आहेस, असे विचारा.